मेलेल्या खोक्याचा जिवंत कान

आमच्या धंतोलीत दवाखाने इतके, की इथल्या मुलांना वाटतं, काहीही बिघडलं की ते कुणाला तरी दाखवून आणलं पाहिजे. दिवाळीच्या आधी एका संध्याकाळी शेजारची आठवीतली मुलगी एक मोठं पांढरं धूड छातीशी धरून माझ्या दारात उभी.

"काका, याला तपासता का? बाबा रविवारी भंगारवाल्याला देऊन राहिले."

धूड म्हणजे एक्सबॉक्स ३६०. तुमच्या आईबाबांनी लहानपणी टीव्हीला जोडून मारिओ आणि कॉन्ट्राच्या कॅसेटी खेळल्या असतील, त्यांना सांगा, हा त्याच जातीचा, पण पुष्कळ पुढच्या पिढीचा खेळ-डबा. भारतात तो २००६ च्या सप्टेंबरात विकायला आला. हा मात्र तिच्या मामाने अमेरिकेतून आणलेला होता, आणि तिथेच सगळी गोम होती. अमेरिकेत घराच्या भिंतीतली वीज १२० व्होल्टची, आपल्याकडे २३०. या डब्याचा अडॅप्टर खरोखर विटेएवढा असतो आणि त्याच्या पोटावर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, १०० ते १२७ व्होल्ट. ते कुणी वाचलंच नाही. चपट्या पिनेला आपली पिन जोडली, बटण दाबलं, फट् असा आवाज आला आणि जळका वास सुटला. पुढे दुसरा अडॅप्टर आणून पाहिला, पंखा फिरला, पण टीव्हीवर काही येईना.

(जाता जाता एक सांगतो. असला जळलेला अडॅप्टर उघडून बघण्याचा मोह कितीही झाला तरी उघडायचा नाही. त्यातले मोठे कपॅसिटर प्लग काढल्यावरही वीज धरून बसतात आणि जोरदार फटका देतात. डब्याशी खेळा, विटेशी नको.)

मी डबा हलवून पाहिला आणि डॉक्टरी चेहरा करून म्हटलं, "हा गेला."

"पण रिमोट तर चांगले आहेत ना! चारही!" तिने पिशवीतून चार बिनतारी कंट्रोलर काढून टेबलावर ओतले. "अमरावतीहून आत्याकडचे येणार आहेत. कम्प्यूटरवर गेम आहे आमच्याकडे, पण कम्प्यूटरला हे दिसतच नाहीत."

दिसणार कसे? तुमच्या मोबाइलचा हेडफोन ब्लूटूथने बोलतो. हे कंट्रोलर ब्लूटूथ बोलत नाहीत. लहरी त्याच पट्ट्यातल्या, २.४ गिगाहर्ट्झच्या आसपासच्या, पण भाषा कंपनीची स्वतःची. मराठी आणि तेलुगू दोन्ही तोंडानेच बोलतात, म्हणून एकाचं दुसऱ्याला कळतं का? तसंच हे. ही भाषा कळणारा एक रिसीव्हर कंपनी संगणकासाठी वेगळा विकत असे, पण तो बनवणं केव्हाच थांबलं. खुद्द या डब्यांचं उत्पादनही २०१६ मध्ये बंद झालं.

मग ती भाषा कळणारं दुसरं कोण आहे? मी तिला विचारलं. तिने दोन मिनिटं विचार केला आणि मेलेल्या डब्याकडे बोट दाखवलं.

बरोबर! डब्याला स्वतःचा कान आहे. समोरच्या गोल बटणामागे तळहाताएवढा एक वेगळा बोर्ड असतो. कंट्रोलरशी बोलण्याचं सगळं काम तो करतो आणि ऐकलेलं मुख्य बोर्डाला कळवतो. गंमत पुढेच आहे. तो ते कळवतो यूएसबीने, म्हणजे ज्या पद्धतीने तुमचा माउस संगणकाशी बोलतो त्याच पद्धतीने! फक्त त्याला नेहमीचा यूएसबी प्लग नाही, वेगळीच जोडणी आहे. म्हणून तो ओळखू येत नाही.

असे कान जगात पुष्कळ पडून आहेत. या डब्यांच्या पहिल्या काही वर्षांत एक दुखणं फार गाजलं. समोरच्या गोलातले चारपैकी तीन दिवे लाल व्हायचे आणि डबा बंद. आत तापणं, निवणं, पुन्हा तापणं, असं होऊन मुख्य बोर्डावरच्या चिपचे सूक्ष्म सांधे तडकत. शेवटी जुलै २००७ मध्ये मायक्रोसॉफ्टने या बिघाडासाठी वॉरंटी तीन वर्षांची केली आणि त्या खर्चासाठी शंभर कोटी डॉलरहून जास्त रक्कम बाजूला काढली. पण सांधे तुटत ते मुख्य बोर्डाचे. पुढचा छोटा बोर्ड बिचारा ठणठणीत राहून भंगारात जाई.

तर, ठरलं. कान काढायचा आणि संगणकाला लावायचा. पण मुलीच्या बाबांनी एक अट घातली. "माझ्या लॅपटॉपला हात लावायच्या आधी मला दाखवा. ऑफिसचं सगळं काम आहे त्यात." अट अगदी रास्त होती. यूएसबीच्या तारा चुकून एकमेकींना चिकटल्या तर बिघडतो तो पाहुणा नव्हे, घरमालक. म्हणून आधी माझ्या जुन्या संगणकावर प्रयोग करायचं ठरलं. तो मेला तर मीच रडणार, दुसरं कोणी नाही.

स्क्रू साधे नव्हते, चांदणीच्या खाचेचे होते. त्याला टॉर्क्सचा पेचकस लागतो. तासाभराने बोर्ड हातात आला. मध्ये बटण, भोवती चार दिवे.

आता खरी परीक्षा. यूएसबीची जुनी वायर कापली तर आत चार तारा निघतात. लाल पाच व्होल्टची, काळी जमिनीची म्हणजे ग्राउंडची, आणि हिरवी व पांढरी निरोपाच्या. मुलगी लगेच लाल तार उचलून म्हणाली, "ही इथे लावू?"

"थांब!" मी इतक्या जोरात ओरडलो की ती दचकलीच.

का ओरडलो ते सांगतो. काही वर्षांपूर्वी असलाच एक बोर्ड मी स्वतः जाळला आहे. या बोर्डाला ३.३ व्होल्ट हवेत. मी घाईत सरळ पाच दिले. धूर नाही, आवाज नाही, पण बोर्ड पुन्हा कधी बोलला नाही. मामाच्या विटेची आणि माझी चूक एकच. प्लग बसला म्हणजे वीज जुळली असं नसतं. आणि या वेळी आमच्याकडे बोर्ड एकच होता.

पाचाचे ३.३ करायचे कसे? बरेच जण वाटेत दोन डायोड लावतात. प्रत्येक डायोड साधारण ०.७ व्होल्ट खातो, म्हणून पाचातून १.४ गेले, उरले ३.६. चालतं म्हणतात. मला हा जुगाड पसंत नाही. डायोड किती व्होल्ट खाईल हे त्यातून वीज किती वाहते यावरही अवलंबून असतं. त्यापेक्षा तीन पायांचा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर घ्यावा. इलेक्ट्रॉनिक्सच्या सुट्या भागांच्या दुकानात तो सहज मिळतो. आम्ही सायकलवर बर्डीला जाऊन तो आणि दोन छोटे कपॅसिटर घेऊन आलो. सोल्डरिंग मी केलं, कारण कढत आयर्न आणि आठवीतली बोटं यांची मैत्री व्हायला थोडा वेळ आहे. मोजण्याचं काम तिचं. बोर्ड जोडायच्या आधी, नुसत्या रेग्युलेटरवर, मल्टिमीटरने. काटा नाही, आकडे दाखवणारा मीटर: ३.३१. तिने तीनदा मोजलं आणि वहीत लिहून ठेवलं.

हिरव्या आणि पांढऱ्या तारेचं काय, असं कोणी चौकस वाचक विचारेलच. त्या दोन तारांवरचे संकेत मुळातच ३.३ व्होल्टच्या आसपासचे असतात. त्या सरळ जोडल्या तरी चालतात.

वायर संगणकात खोचली. माझ्या संगणकावर लिनक्स आहे. लगेच पडद्यावर नाव उमटलं! प्रत्येक यूएसबी वस्तूजवळ दोन क्रमांक असतात, एक कंपनीचा आणि एक वस्तूचा, जसं तुमच्या हजेरीपटावर वर्ग आणि हजेरी क्रमांक. दुकानात मिळणाऱ्या रिसीव्हरचा क्रमांक ०७१९, आणि डब्यातल्या या कानाचा ०२९१. लिनक्सच्या यादीत हे दोन्ही आधीच नोंदवलेले आहेत. विंडोजमध्ये मात्र हा पाहुणा अनोळखी म्हणून दाखवला जातो. तिथे ड्रायव्हरच्या यादीत जाऊन, हा एक्सबॉक्स ३६० चा बिनतारी रिसीव्हर आहे, असं आपल्या हाताने सांगावं लागतं.

कान लागला, पण अजून कुणाची ओळख नव्हती. कंट्रोलर आणि रिसीव्हर यांची एकदा जोडी जमवावी लागते. नाही तर शेजारच्या घरातला कंट्रोलर तुमच्या खेळात उड्या मारेल! कंट्रोलरवर त्यासाठी बारीक बटण आहे. डब्याकडेही होतं, पण ते दाबलं की मुख्य बोर्ड या छोट्या बोर्डाला हुकूम द्यायचा: जोडी जमव. मुख्य बोर्ड तर आता मेलेला. हुकूम देणार कोण?

इथे अर्डुइनो कामाला आला. इटलीतल्या इव्रेया गावात २००५ च्या सुमारास जन्मलेला हा छोटा, स्वस्त, शिकवू तसा वागणारा बोर्ड. त्यातला ३.३ व्होल्टवर चालणारा प्रो मिनी मी मुद्दाम घेतला, पाच व्होल्टचा नव्हे. आमचं शहाणपण आता वाढलं होतं.

हुकूम देण्याची रीत मोठी मजेदार आहे. दोन तारा असतात, एक निरोपाची, एक ठेक्याची. अर्डुइनो निरोपाची तार खाली ओढतो, म्हणजे शून्यावर आणतो. जणू दारावर टकटक. मग छोटा बोर्ड ठेका धरू लागतो, टक, टक, टक, आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला अर्डुइनोने एकेक अंक द्यायचा. असे दहा अंक. आधी दिवे जागे करण्याचा हुकूम, ००१०००० १००. आणि मग जोडी जमवण्याचा, ००००००० १००. (मधली जागा मी वाचायला सोपं जावं म्हणून सोडली आहे.) हे अंक कोणत्या पुस्तकात छापलेले नव्हते. जगातल्या हौशी लोकांनी चालत्या डब्याच्या या दोन तारांवर उपकरणं लावून, काय बोलणं चाललंय ते टिपून घेतलं.

प्रोग्रॅम भरला. अर्डुइनोला नऊ व्होल्टची बॅटरी लावली. बटण दाबलं.

काही नाही. दिवे नाहीत, ठेका नाही. पुन्हा दाबलं. तारांची अदलाबदल केली. प्रोग्रॅम ओळ न् ओळ वाचला. रात्रीचे नऊ वाजले. तिच्या आईचं दोनदा बोलावणं येऊन गेलं. बोर्ड पुन्हा जाळला की काय, असं माझ्या मनात आलं, पण बोललो नाही.

मुलगी वहीत काढलेलं चित्र बघत होती. "काका, शून्य म्हणजे किती?"

"शून्य म्हणजे शून्य."

"पण कुठून मोजायचं? तुमची उंची जमिनीवरून मोजतात. या बोर्डाची काळी तार कम्प्यूटरला गेली. अर्डुइनोची काळी तार बॅटरीला गेली. यांची जमीन एक कुठे आहे?"

मी कपाळावर हात मारला. व्होल्ट नेहमी दोन ठिकाणांमधला फरक असतो. अर्डुइनो आपल्या हिशेबाने तार शून्यावर आणत होता, पण छोट्या बोर्डाला त्याचं शून्य माहीतच नव्हतं. इतकी वर्षं हे काम करून मी हेच विसरलो, आणि तिने ते विज्ञानाच्या पुस्तकातून नाही, उंचीच्या हिशेबातून काढलं.

एक काळी तार, चार इंचांची. दोघांची जमीन एक केली. बटण दाबलं, आणि बोर्डावरचे हिरवे दिवे गोल गोल पळू लागले. तिने कंट्रोलरचं बारीक बटण दाबलं. क्षणभराने पळणं थांबलं आणि पहिला पाव भाग उजळून स्थिर झाला. मग दुसरा, तिसरा. चौथ्याचे पेन्सिल सेल बदलावे लागले.

बाबांनी लॅपटॉपला लावण्याआधी वही मागितली. ३.३१ तीनदा लिहिलेलं पाहिलं, मीटर घेऊन चौथ्यांदा स्वतः मोजलं आणि मगच खोचू दिलं.

तुमच्यासाठी एक हिशेब. १९८८ पासून आकाशवाणीचा राष्ट्रीय कार्यक्रम आपल्या नागपूरच्या प्रक्षेपकावरून देशभर रात्री ऐकू जायचा. त्याची शक्ती १००० किलोवॉट आणि लहर १५६६ किलोहर्ट्झची, म्हणजे एका लहरीची लांबी सुमारे १९१ मीटर. या कंट्रोलरची लहर २.४ गिगाहर्ट्झची. तिची लांबी किती? प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर धरा आणि काढा. उत्तर तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर मोजता येईल एवढंच आहे. आणि याच पट्ट्यात मायक्रोवेव्ह ओव्हनही चालतो. आत्याकडची मंडळी आली त्या रात्री स्वयंपाकघरात ओव्हन लावला, तेव्हा तिसऱ्या कंट्रोलरची गाडी मध्येच रस्ता सोडून गेली. दोष ओव्हनचा की चालवणाऱ्याचा, यावर चौघांचं अजून एकमत नाही.

उरलेला डबा भंगारवाल्याकडे गेला. त्यातले दोन पंखे मात्र माझ्या टेबलावर आहेत. बारा व्होल्टचे दिसतात, पण लावायच्या आधी मोजायला मुलगी रविवारी येणार आहे.