‘परमिशन डिनाइड’ आलं म्हणून लगेच ७७७ मारू नका!

आज स्वतःची चूक सांगतो. दोन वर्षांपूर्वीची ऐन लग्नसराई. नागपुरातल्या माझ्या प्रिंटिंगच्या दुकानात गिऱ्हाईक उभं आणि काउंटरवरचा मुलगा म्हणतो, “दादा, पत्रिका सेव्हच होऊन नाही राहिली!” लिनक्सवर मेसेज होता, ‘परमिशन डिनाइड’. काल तर सगळं बरोबर चालू होतं.

मी काय केलं? सुडो लावून अख्ख्या ‘दुकान’ फोल्डरवर सीएच-मॉड ७७७ मारलं. फाइल सेव्ह झाली, गिऱ्हाईक खूश, मीही खूश.

महिन्याभराने त्याच मुलाने जुनी डिझाइन्स साफ करताना उधारीचं फोल्डरही उडवलं, ट्रॅशही रिकामा केला. बॅकअप होता, पण फक्त डिझाइनचा. कोणाकडे किती बाकी, ते मग आठवणीवर!

चूक मुलाची नव्हती. ७७७ म्हणजे मालक, ग्रुप आणि बाकीचे सगळे, तिघांनाही वाचायची, लिहायची, चालवायची मुभा. लिनक्समध्ये फाइल डिलीट करायला सहसा त्या फाइलची नाही, ती ज्या फोल्डरमध्ये आहे त्याची परवानगी लागते. गल्ल्याची किल्ली मीच दारावर टांगली होती.

माझं मत स्पष्ट आहे. हा एरर म्हणजे बिघाड नाही, तो प्रश्न आहे: ‘ही फाइल कोणाची?’ आधी उत्तर शोधा, मग कमांड मारा.

१. मालक बघा. ‘एलएस -एल’ मारलं की मालकाचं नाव दिसतं. तिथे ‘रूट’ असेल, तर बहुतेक कोणीतरी सुडो लावून काम केलंय. माझंही तेच होतं. आदल्या रात्री मीच बॅकअपमधून पत्रिकांचं फोल्डर सुडोने कॉपी केलं होतं. सीएच-ओन वापरून तेवढ्याच फोल्डरचा मालक बदलला असता, तर विषय संपला असता.

२. वरचं फोल्डर बघा. फाइल तुमची आहे, पण त्या फोल्डरमध्ये लिहायची परवानगी नसेल, तर नवी फाइल बनणार नाही.

३. डिस्क बघा. ‘रीड-ओन्ली’ असा मेसेज असेल तर सीएच-मॉडचा उपयोग शून्य. एकाच कॉम्प्युटरवर विंडोजही असेल, तर त्यातलं ‘फास्ट स्टार्टअप’ बंद करा आणि विंडोज पूर्ण शटडाउन करा. पण लिनक्सचीच डिस्क अशी झाली असेल, तर आधी डेटा दुसरीकडे घ्या. डिस्क खराब होत असल्याची ती खूण असू शकते.

आणि सिस्टमच्या फोल्डरवर तर ७७७ कधीच नाही. सुडोची सेटिंग फाइल सगळ्यांना लिहायला मोकळी झाली, की सुडोच काम करायला नकार देतं!

काही जण म्हणतील, “भाऊ, दोन माणसांच्या दुकानात एवढं कशाला?” अहो, दोन माणसांच्या दुकानातच हिशेबाची एकच प्रत असते! काउंटरचं युजर वेगळं ठेवा. डिझाइनसाठी दोघांचा एक ग्रुप करा. हिशेबाचं फोल्डर फक्त मालकाचं. आणि बॅकअप हिशेबाचा आधी, डिझाइनचा नंतर.

कमांडची स्पेलिंग व्हिडिओत स्क्रीनवर दिली आहेत. आज दुकान बंद करायच्या आधी एकदा ‘एलएस -एल’ मारून बघाच. तुमच्या उधारीच्या फाइलवर नाव कोणाचं आहे?