रेती घ्या, पण हिशोब द्या!

हॉस्टेलची भिंत असो की पूल, रेतीशिवाय आपलं पान हलत नाही. पण ती येते कुठून? मोहाडी तालुक्यातल्या करडीचा पट्टाच घ्या. काठाला धानाच्या बांध्या, पलीकडे वैनगंगा आणि तिच्या पात्रातली रेती.

सगळे म्हणतात, "पावसाळ्यात परत भरते ना!" भरते, पण किती? लेनने १९५५ साली मांडलेला तोल आठवा. एका पारड्यात पाणी आणि उतार, दुसऱ्यात गाळ आणि त्याच्या कणांचा आकार. पात्रात खोल खड्डा केला की वरून आलेली रेती त्यातच अडकते. पुढे जातं ते उपाशी पाणी! ते तळ खातं, मग काठ. खड्ड्याच्या वरच्या बाजूलाही उतार वाढतो आणि तळ खचत मागे सरकतो. बांधी नदीत जाते, सातबारा मात्र पेटीत तसाच राहतो.

केंद्र सरकारच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की पावसाळ्याआधी आणि नंतर पात्र मोजा, भरलं तेवढंच काढा. म्हणजे हा सरळ सर्व्हेचा प्रश्न आहे, आणि सर्व्हे तर आपण दुसऱ्या वर्षीच शिकतो!

मग कॉलेजच्या ग्राऊंडवर त्याच त्या लेव्हल घेण्यापेक्षा ऑटो लेव्हल करडीला का नेऊ नये? वर्षातून दोनदा, त्याच जागी, तोच क्रॉस सेक्शन. आलेख ग्रामसभेत लावायचा. सरांनी मनावर घेतलं तर फायनल इयरचा प्रोजेक्टही होईल. रेती बंद करा असं मी म्हणत नाही. नदीचं पासबुक तरी भरूया!