अर्धा तास द्या की!

परवा मुखेडला घरचंच लग्न होतं. शूटिंग भाच्याकडे. अंगात पट्ट्यांचं जाकीट, त्यातून निघालेला स्प्रिंगचा आर्म आणि पुढे तरंगणारा कॅमेरा. गॅरेट ब्राउन यांची ही स्टेडीकॅमची युक्ती १९७६ च्या 'रॉकी'त दिसली होती. आता आपल्या मांडवातही आलीय.

मंगलाष्टकांच्या वेळी फेटे आडवे येतात, म्हणून भाच्याने आर्मच्या टोकाला नवा, लांब दांडा आणला होता. तो बसवायला दोन मिनिटं पुरतात. खरं काम पुढचं. स्प्रिंगचा ताण असा लावायचा, की कॅमेरा छातीसमोर आपोआप तोलून राहावा. जाकिटावरचे स्क्रू फिरवून आर्मचा कल काढायचा, नाहीतर कॅमेरा एकाच बाजूला पळतो. कॅमेऱ्याखालची नळी आडवी धरून सोडायची. दोन-तीन सेकंदांत ती उभी झाली, की खालचं वजन बरोबर.

"मामा, अर्धा तास द्या की," तो म्हणाला.

"अरे, मुहूर्त टळेल, कर चालू!" असं म्हणणारा मीच.

मग काय, कॅमेरा सारखा डावीकडे ओढत होता आणि पोरगं तीन तास उजवीकडे वाकून त्याला सावरत होतं. रात्री त्याला धड बसवेना.

बँडवाल्याला सूर जुळवायला, आचाऱ्याला चूल पेटवायला आपण वेळ देतोच ना? मग शूटिंगवाल्यालाच का नाही? चित्र हललं की बोल त्याला, आणि कंबरही त्याचीच जाते.

असो. पुढच्या लग्नात त्याला घाई करणाऱ्याला मी अडवणार. आधी स्वतःला.