घरातला मार आणि नोकरीची ढाल



युनियन ऑफिसात तक्रारी येतात त्या बहुधा पगाराच्या, बदलीच्या आणि क्वार्टरच्या. काही वर्षांपूर्वी एका गँगमनची बायको आली. डोळा काळानिळा, हाताला प्लॅस्टर. मी म्हणालो, "ताई, पोलिसात का गेला नाहीत?" ती म्हणाली, "भाऊ, ह्यांची नोकरी गेली तर पोरं काय खातील? तुम्हीच ह्यांना दोन शब्द सांगा." आम्ही त्याला बोलावून समज दिली आणि प्रकरण मिटले असे धरून चाललो. सहा महिन्यांनी ती पुन्हा दारात उभी. आम्ही प्रकरण मिटवले नव्हते, झाकले होते.

म्हणून कायदा काय आहे ते प्रत्येक सभासदाला ठाऊक हवे. पत्नीचा छळ करणाऱ्या नवऱ्यासाठी व सासरच्यांसाठी १९८३ साली भारतीय दंड विधानात कलम ४९८-अ घातले गेले. १ जुलै २०२४ पासून त्याची जागा भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ ने घेतली आहे. शिक्षा तीच, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. हुंडाबळी ठरला तर कलम ८० खाली किमान सात वर्षे, जास्तीत जास्त जन्मठेप.

रेल्वे कामगाराची शिक्षा मात्र कोर्टात संपत नाही. १९६८ च्या शिस्त व अपील नियमांप्रमाणे ४८ तासांहून जास्त कोठडीत राहिलेला कर्मचारी निलंबित धरला जातो. मग हातात येतो तो फक्त निर्वाह भत्ता. गुन्हा शाबीत झाला तर नियम १४ खाली खात्याची चौकशी न करताही नोकरीवरून काढता येते. तुलसीराम पटेल खटल्यात १९८५ साली सर्वोच्च न्यायालयाने चौकशीविना काढण्याचा सरकारचा अधिकार मान्य केला आहे. अशी नोकरी गेली की पेन्शनचा हक्कही जाऊ शकतो.

दुर्दैव असे की या नियमांची जरब नवऱ्याला बसत नाही. तिचे कुलूप बायकोच्या तोंडाला लागते. मारणारा सरळ म्हणतो, "जा पोलिसात, मग बस उपाशी." आपण लढून मिळवलेली पक्की नोकरी अशी त्याची ढाल होते.

त्या ताईला आम्ही तेव्हा जे सांगायला हवे होते ते आज इथे सांगतो. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. त्यात आधी तुरुंग नाही, आधी संरक्षण आहे. मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरातून तिला न काढण्याचा आदेश, पोटगी आणि भरपाई मॅजिस्ट्रेट देऊ शकतात. नवऱ्याने पैसे दिले नाहीत तर कलम २० खाली त्याच्या पगारातला हिस्सा थेट तिला देण्याचा हुकूम मालकाला, म्हणजे आपल्या बाबतीत रेल्वेला, करता येतो. नोकरी राहते आणि पगार दारूच्या दुकानाऐवजी घरी पोचतो. संरक्षण आदेश मोडला तर मात्र कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कैद, २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. मग नोकरीवर आलेले संकट त्याने स्वतः ओढवून घेतलेले असते.

काही सभासद विचारतात, खोट्या केसेसचे काय? ४९८-अ खाली आपोआप अटक करू नये, अटकेची गरज तपासावी, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली अर्नेश कुमार खटल्यात बजावले आहे. आरोप झालेल्या सभासदाला वेळेवर निर्वाह भत्ता मिळावा, नियमाप्रमाणे बाजू मांडता यावी, यासाठी युनियन उभी राहील. ते आपले काम आहे. पण केस मागे घे म्हणून बायकोवर दबाव आणणे हे युनियनचे काम नाही. ते करणाऱ्या पदाधिकाऱ्याला आवरले पाहिजे.

भुसावळ असो, इटारसी असो की सिकंदराबाद, प्रत्येक शाखेने आपल्या भागातील संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता बोर्डावर लावावा. बहीण तक्रार घेऊन आली तर तिला समजूत घालून परत पाठवू नये, कुणीतरी सोबत जावे. गेट मीटिंगमध्ये या विषयावर बोलावे.

साहेबाने शिवी दिली तर आपण काम बंद ठेवतो. तीच इज्जत घरात बायकोलाही आहे. बाहेर घोषणेसाठी उठणारी मूठ घरात तिच्यावर उठत असेल, तर आपली एकजूट अर्धीच आहे.

कामगार एकजुटीचा विजय असो!