म्हशीचा गुन्हा काय?

आमच्या खालापूर-कर्जत पट्ट्यात भाताच्या खाचरांवर फार्महाऊसं उगवली आणि त्यांच्या मागोमाग काचेच्या बाटलीतलं ‘ए-टू’ दूध आलं. लिटरला शंभराच्या वर भाव. बाटलीवर वशिंडवाली गाय, कपाळाला कुंकू. एक्स्प्रेस वेवरून शनिवार-रविवारपुरती येणारी मंडळी ही बाटली काशीहून आणलेल्या गंगाजलासारखी जपतात. ए-टू म्हणजे काय हो, असं विचारलं की उत्तर ठरलेलं: “देशी गाय. पचायला हलकं. जर्सीचं विष नाही त्यात.”

विष! गायीच्या दुधात प्रथिन साधारण सव्वातीन टक्के. त्यातलं ऐंशी टक्के केसीन आणि त्या केसिनातला सुमारे एक तृतीयांश भाग बीटा-केसीन. ही २०९ ॲमिनो आम्लांची साखळी. तिच्या ६७व्या जागी प्रोलीन असेल तर ए-टू, हिस्टिडीन असेल तर ए-वन. ए-वन पचताना सात ॲमिनो आम्लांचा एक तुकडा सुटतो, बीसीएम-७. हा तुकडा मधुमेहापासून हृदयविकारापर्यंत सगळ्याला कारण असावा, असा संशय १९९०च्या दशकात न्यूझीलंडमध्ये घेतला गेला. २००० साली तिथेच ए-टू दुधाची कंपनी निघाली. २००९ मध्ये युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने सगळे पुरावे चाळले आणि कार्यकारणसंबंध सिद्ध होत नाही असं सांगितलं. पोटाला हलकं वाटतं म्हणणारे काही प्रयोग पुढे झाले. त्यांतल्या चीनमधल्या गाजलेल्या प्रयोगाचा खर्च त्याच कंपनीने केला होता. तेवढ्याने संशोधन खोटं ठरत नाही, पण गिऱ्हाइकाला हे कळायला नको? शिवाय दुधाने ज्याचं पोट फुगतं, त्याला बहुधा लॅक्टोज बाधतं. ती साखर आहे आणि ए-टू दुधात ती तेवढीच असते. ज्या तान्ह्या बाळाला गायीच्या दुधातल्या प्रथिनांची खरीच ॲलर्जी आहे, त्याला “देशीचं चालतं” म्हणून हे पाजणारे तर निव्वळ जिवाशी खेळतात.

यावर कडी म्हणजे ए-टू तूप. किलोला दोन-तीन हजार. अहो, फरक प्रथिनातला आणि तूप म्हणजे स्निग्धांश! घुसळताना प्रथिन ताकात जातं, लोणी कढवताना उरलंसुरलं तळाच्या बेरीत बसतं. ज्याला ए-टूच हवं, त्याने तूप शेजाऱ्याला द्यावं आणि बेरीत साखर घालून खावी, आमच्या आज्या पोरांना द्यायच्या तशी. हे सरकारलाही कळलं होतं. २१ ऑगस्ट २०२४ रोजी एफएसएसएआयने ए-वन, ए-टूचे दावे वेष्टनावरून काढा, तुपावर तर ते दिशाभूल करणारेच आहेत, असा आदेश काढला. पाच दिवसांत, २६ ऑगस्टला, तो मागे घेतला. त्या दिवशी गोकुळाष्टमी होती. श्रीकृष्णाने लोणी चोरलं, यांनी आदेशच पळवला.

आता म्हशीकडे या. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोने आपल्या जनावरांची तपासणी केली, तेव्हा देशी गायींत ए-टूचं प्रमाण ९८ टक्क्यांच्या वर निघालं आणि तपासलेल्या सगळ्या म्हशी ए-टू निघाल्या. म्हशीच्या दुधात प्रथिन जास्त, फॅटही जास्त. तरी तिच्या दुधावर ए-टू लिहून कुणी दुप्पट भाव मागत नाही. काळी पडली ना बिचारी! ३० सप्टेंबर २०२४ रोजी राज्य सरकारने देशी गायीला राज्यमाता केलं, गोशाळेतल्या गायीमागे दिवसाला पन्नास रुपये देऊ केले. वर्षानुवर्षं आमचे रतीब सांभाळणाऱ्या म्हशीला कुणी राज्यमावशीदेखील म्हणालं नाही. म्हणजे पैसे प्रथिनाचे नाहीतच, वशिंडाचे आहेत.

वशिंडातही पुन्हा आवडतं-नावडतं आहे. आमची गावठी गाय, कोकण कपिला म्हणून जिची आता अधिकृत नोंद झाली आहे, ती बुटकी, काटक, दिवसाला जेमतेम दोन-अडीच लिटर देणारी. फार्महाऊसवर तिला कोण विचारतो? तिथे गुजरातची गीर हवी, कारण लांब कान फोटोत बरे दिसतात. वशिंड दिसलं म्हणजे गाय शुद्ध असं मात्र नाही. संकरातही ते थोडंफार उरतं. गाय ए-टू आहे का, हे तिच्या केसाच्या मुळातला डीएनए तपासून कळतं. अशाच एका गोठ्यात मी तो अहवाल मागितला. मालक म्हणाले, “वशिंड बघा की!”

ए-वनला घाबरणाऱ्यांनी एम-वनचं नाव ऐकलंय का? पेंडीला, मक्याला बुरशी लागली आणि ती जनावराच्या पोटात गेली, की दुधात अफ्लाटॉक्सिन एम-वन उतरतं. दूध उकळून ते जात नाही. २०१८च्या देशव्यापी पाहणीत ६,४३२ नमुन्यांपैकी ३६८ मध्ये ते मर्यादेपेक्षा जास्त सापडलं. आमच्याकडे चार महिने भिंतीसुद्धा ओल धरतात, तिथे पेंडीच्या गोणीचं काय होत असेल? म्हणून त्याच मालकांना विचारलं, पेंड शेवटची कधी तपासली? ए-टूवर अर्धा तास बोललेल्या त्या गृहस्थांनी वही काढली आणि म्हणाले, “साहेब, किती बाटल्या लिहू?”