पाटी सगळ्यांचीच कोरी



या स्तंभातून मी तुम्हाला नेहमी काही ना काही सल्ला देत असतो. आज मात्र मी दिलेल्या एका चुकीच्या सल्ल्याची हकीकत सांगणार आहे. ज्या मुलीला तो दिला, तिने तो ऐकला नाही हे चांगलेच झाले.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एका रविवारी सकाळी आमच्या वस्तीतले एक गृहस्थ मुलीला घेऊन घरी आले. स्वतः एका वर्कशॉपमध्ये फिटर, पत्नी चार घरची धुणीभांडी करते. मुलगी कला शाखेतून बारावीला चांगल्या मार्कांनी पास झालेली. चहा होईपर्यंत ते गप्पच होते. मग म्हणाले, "भाऊ, तुम्ही शिकलेले आहात. हिला जरा समजवा. दिल्लीला जायचं म्हणते. आणि कशासाठी, तर स्पॅनिश शिकायला! आपल्यात कोणी ऐकलंय का असलं काही?"

मी बी.कॉम. झालेला माणूस. नोकरी लागली, घर चालले, म्हणून मला तोच रस्ता खरा वाटतो. मी तिला म्हणालो, "बाळ, बी.कॉम. कर, टॅली शीख, स्पर्धा परीक्षांना बस. स्पॅनिश ही मोठ्या घरच्या मुलांची हौस. आपल्याला पोटाचं बघावं लागतं."

ती खाली मान घालून बसली होती. तशीच हळूच म्हणाली, "काका, इंग्रजीच्या वर्गात बसले की काही मुली माझ्या दहा वर्षं पुढे असतात. त्यांच्या घरातच इंग्रजी आहे. पण स्पॅनिश कुणाच्याच घरी बोलत नाहीत. तिथं पाटी सगळ्यांचीच कोरी."

मी म्हणालो, "कोऱ्या पाटीनं पोट भरत नाही." तिचे वडील हसले, मीही हसलो. ती हसली नाही.

पण तिने प्रवेश परीक्षा आधीच दिली होती. यादीत नाव लागले. वडिलांनी पतपेढीतून कर्ज काढले आणि मुलगी दिल्लीच्या एका विद्यापीठात गेली. यंदा ती बी.ए. झाली, एम.ए.ला प्रवेश मिळाला आणि सुटीत घरी आली तेव्हा मला भेटायला आली. त्या दुपारी ती तीन तास बोलली आणि मी ऐकत होतो. त्यातले जेवढे लक्षात राहिले आणि नंतर मी स्वतः वाचून पडताळून घेतले, तेवढे तुमच्यापुढे ठेवतो.

आधी भाषेबद्दल. स्पॅनिश ही वीस देशांची अधिकृत भाषा आहे. त्यांपैकी स्पेन युरोपात आणि इक्वेटोरियल गिनी आफ्रिकेत. मेक्सिकोपासून अर्जेंटिनापर्यंतचे बाकीचे अठरा देश अमेरिका खंडातले. जवळपास पन्नास कोटी लोकांची ती मातृभाषा आहे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या सहा अधिकृत भाषांत तिचा समावेश आहे.

आणि गंमत अशी की, मराठी माणसाला ही भाषा वाटते तितकी परकी नाही. इंग्रजीसारखे लिहायचे एक आणि वाचायचे दुसरे, असा प्रकार तिच्यात फार कमी. थोडे नियम कळले की समोरचा शब्द वाचता येतो. आपण "येतो", "जाते" म्हटले की कोण ते क्रियापदावरून समजते, तसेच तिथेही. शब्दांना लिंग आहे, पण आपल्यासारखी तीन नव्हेत, दोनच. आपण "मला चहा आवडतो" म्हणतो, ते म्हणतात "मे गुस्ता एल ते". आपण "मला पुस्तके आवडतात" म्हणताना क्रियापद पुस्तकांप्रमाणे बदलतो, तेही "मे गुस्तान लोस लिब्रोस" म्हणतात. ज्याला फक्त इंग्रजीची सवय आहे तो इथे अडखळतो, कारण त्याच्या डोक्यात "मी आवडतो" असा उलटा हिशेब असतो. आपल्याकडच्या "तू"ला ते "तू"च म्हणतात आणि आदराने बोलायचे असेल तर "उस्तेद". मुलगी म्हणाली, "काका, मला मराठी येते याचा वर्गात फायदा झाला, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडलं."

पण सगळे गोड होते असे समजू नका. पाटी कोरी असली तरी तिच्यावर लिहिणारा खडू इंग्रजीचा होता. सुरुवातीचे व्याकरण इंग्रजीतून समजावले जाई, हातातला शब्दकोशही स्पॅनिश-इंग्रजी. पहिल्या सहामाहीत ती मागे पडली. फोनवर आईजवळ रडली. परत येते म्हणाली. आई म्हणाली, "बापानं कर्ज काढलंय, एवढं वर्ष काढ." ती एका स्पॅनिश शब्दापुढे मराठी शब्द लिहून स्वतःची वही तयार करू लागली. दुसऱ्या सहामाहीत वर्ग बराचसा स्पॅनिशमधूनच होऊ लागला, तेव्हा इंग्रजीवाल्यांची आघाडी संपली. त्या वह्या आता पाच झाल्या आहेत. तिने मला त्या दाखवल्या.

आता साहित्याबद्दल. मला वाटले होते, राजेराण्यांच्या गोष्टी आणि प्रेमाच्या कविता शिकवत असतील. तिने मला एका पोराची गोष्ट सांगितली. १५५४ साली स्पेनमध्ये "लासारियो दे तोर्मेस" नावाचे छोटे पुस्तक छापले गेले. लेखकाचे नाव आजही ठाऊक नाही. सालामांका गावाजवळ नदीकाठी जन्मलेला हा गरीब पोरगा आपली कहाणी स्वतः सांगतो. आईने त्याला एका आंधळ्या भिकाऱ्याच्या हाती दिले. तो उपाशी ठेवून मारायचा. दुसरा मालक धर्मगुरू, तो पाव पेटीत कुलूप लावून ठेवायचा. तिसरा मालक खानदानी. अंगावर चांगले कपडे, कमरेला तलवार, पण घरात खायला दाणा नाही. काम करणे त्याच्या कुळाला शोभत नाही. मग हा पोरगाच भीक मागून आणतो आणि मालकाला खाऊ घालतो. मालक मात्र दाराशी उभा राहून काडीने दात कोरतो, जेवण झाले असे शेजाऱ्यांना वाटावे म्हणून! १५५९ साली तिथल्या धर्मन्यायालयाने या पुस्तकावर बंदी घातली. असा पोकळ मोठेपणा आपण पाहिलेला नाही काय?

पुढची गोष्ट ऐकून मी ताठ बसलो. इंग्रजीतला जातीसाठीचा "कास्ट" हा शब्द मुळात इंग्रजी नाही. "कास्ता" हा पोर्तुगीज आणि स्पॅनिश शब्द, अर्थ वंश किंवा कूळ. सोळाव्या शतकात पोर्तुगीज आपल्या किनाऱ्यावर आले, त्यांनी इथली व्यवस्था पाहिली आणि तिला हा शब्द लावला. आणि स्पेनमध्ये त्याच्याही आधी, १४४९ साली, तोलेदो शहरात असा ठराव झाला होता की, ज्यांचे पूर्वज ज्यू होते त्यांना अधिकाराच्या जागा मिळणार नाहीत, मग ते आता ख्रिस्ती का असेनात. याला ते "रक्ताची शुद्धता" म्हणत. पुढे अमेरिका खंडात राज्य मिळाल्यावर गोरे, मूळ रहिवासी, आफ्रिकेतून आणलेले गुलाम आणि त्यांच्या मिश्र संततीला वेगवेगळी नावे देऊन उतरंड लावली गेली. अठराव्या शतकात मेक्सिकोत या उतरंडीची चित्रे काढून घेत. आई-बाप कोण आणि मूल कोणत्या गटातले, अशी बहुधा सोळा चित्रांची मालिका असे. ही चित्रे आज जगातल्या संग्रहालयांत आहेत आणि विद्यार्थी ती अभ्यासतात. ती म्हणाली, "मास्तरांनी पडद्यावर चित्रं दाखवली. बाकीची मुलं नवल करत होती. मला काही नवल वाटलं नाही. मी हात वर केला आणि बोलले." त्या दिवशी वर्गात पहिल्यांदा ती स्पॅनिशमध्ये दहा मिनिटे बोलली.

परक्यांची भाषा शिकून तिच्यातच आपले गाऱ्हाणे मांडणारेही तिने वाचले. पेरू देशातला ग्वामान पोमा हा मूळ रहिवाशांपैकी एक. त्याने १६१५च्या सुमारास स्पेनच्या राजाला पत्र लिहिले. किती पानांचे? सुमारे बाराशे! त्यात चारशेच्या आसपास चित्रे. आमच्या लोकांवर काय जुलूम चालला आहे, तो कसा थांबवावा, हे सगळे त्याने लिहून ठेवले. राजाने ते वाचल्याचा पुरावा नाही. १९०८ साली डेन्मार्कमधल्या कोपनहेगनच्या ग्रंथालयात ते हस्तलिखित सापडले. तीनशे वर्षे अर्ज पडून राहिला. सरकारी कार्यालयात अर्ज घेऊन फिरणाऱ्या माझ्यासारख्या कार्यकर्त्याला याचे दुःख समजते. पण अर्ज लिहिलेला होता, म्हणूनच आज तो वाचता येतो.

दुसरी रिगोबेर्ता मेंचू. ग्वातेमालातल्या माया लोकांपैकी किचे समाजातली. लहानपणी कॉफीच्या मळ्यांत मजुरी, नंतर शहरात घरकाम. स्पॅनिश ती मोठेपणी शिकली आणि त्याच भाषेत तिने आपल्या लोकांची कहाणी सांगितली. ते पुस्तक १९८३ साली निघाले. १९९२ साली तिला शांततेचे नोबेल मिळाले. पुस्तकातल्या काही तपशिलांवर पुढे वाद झाला, तोही विद्यार्थ्यांना शिकवतात. आपल्या बाजूचे पुस्तकसुद्धा तपासून वाचायचे, हे मला आवडले.

"एवढं सगळं वाचून नोकरी कुठली लागणार?" हा प्रश्न तिच्या वडिलांनी विचारलाच. तिने खोटे स्वप्न दाखवले नाही. भाषांतर, दुभाष्याचे काम, शाळा-कॉलेजात शिकवणे, पर्यटन, परदेशांशी व्यवहार करणाऱ्या कंपन्या, हे रस्ते आहेत. पण साधे पत्र आता मोबाईलही भाषांतरित करतो. म्हणून नुसती बोलण्यापुरती भाषा घेऊन भागणार नाही. जोडीला इतिहास, साहित्य, कायदा किंवा व्यापार यांतले काहीतरी पक्के हवे. विद्यापीठातल्या शिक्षणाचा उपयोग इथेच आहे.

वडिलांचा दुसरा प्रश्न होता, "आपल्या मुलखातला कोणी कधी तिकडं गेला होता का?" होता. वर्ध्याचे डॉ. पांडुरंग खानखोजे क्रांतिकार्यासाठी देशाबाहेर पडले आणि मेक्सिकोत पोचले. चापिंगो येथील शेतकी विद्यालयात ते शिकवू लागले, मक्याच्या वाणांवर त्यांनी संशोधन केले, शेतकऱ्यांसाठी मोफत शेतकी शाळा उभारण्यात भाग घेतला. तिथले थोर चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी त्यांना आपल्या भित्तिचित्रात रंगवले आहे.

ज्यांच्या मुलामुलींना इकडे वळावेसे वाटते, त्यांच्यासाठी थोडी व्यवहाराची माहिती. दिल्लीचे जवाहरलाल नेहरू विद्यापीठ आणि हैदराबादचे इंग्रजी व परदेशी भाषा विद्यापीठ येथे स्पॅनिशमध्ये बी.ए. आणि एम.ए. करता येते. आधी स्पॅनिश येत असण्याची अट बी.ए.ला नसते. केंद्रीय विद्यापीठांसाठी २०२२ पासून सीयूईटी ही सामाईक परीक्षा आहे. तिचे वेळापत्रक आणि त्या त्या विद्यापीठाची अट बारावीचे वर्ष चालू असतानाच बघून ठेवा. जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात काढून ठेवा, ऐनवेळी तहसील कार्यालयात रांग लावू नका. आणि इंग्रजीकडे दुर्लक्ष करू नका, पहिले वर्ष तिच्याच आधारावर काढावे लागते. दिल्लीत स्पेन सरकारची इन्स्तितुतो सेर्व्हांतेस ही संस्था आहे. स्पेनच्या शिक्षण खात्यातर्फे "देले" नावाची परीक्षा होते, तिच्या सहा पायऱ्या आहेत आणि तिच्या प्रमाणपत्राची मुदत संपत नाही. गल्लीतल्या कुणा क्लासवाल्याने "तीन महिन्यांत स्पॅनिश, नोकरीची हमी" अशी पाटी लावली असेल तर पैसे भरण्याआधी चार ठिकाणी चौकशी करा.

निघताना मुलीने वडिलांना विचारले, "पप्पा, स्पॅनिशमध्ये पैसे चुकते करणे याला काय म्हणतात, माहीत आहे? पागार! आपला पगार हा शब्द पोर्तुगीजांकडून आलेला, त्यांच्या आणि स्पॅनिशच्या भाषेत तो एकच." फिटरसाहेब जोरात हसले. म्हणाले, "म्हणजे मी तीस वर्षं महिन्याच्या सात तारखेला स्पॅनिशच बोलत होतो की!"

मी तिची माफी मागितली. "कोऱ्या पाटीनं पोट भरत नाही" हे माझे वाक्य तिला अजून पाठ होते. ती म्हणाली, "काका, तुम्ही काळजीनंच बोलला होता." तसे असेलही. पण बंधू-भगिनींनो, आपल्या काळजीने मुलांचा रस्ता अडू नये. मुलगा किंवा मुलगी एखादे न ऐकलेले नाव घेऊन आली तर "आपल्यात कोणी केलंय का?" असे विचारण्याआधी "त्यात काय शिकवतात, सांग बरं" एवढे विचारा. मी विचारले असते, तर ही सारी माहिती तुम्हाला तीन वर्षे आधीच वाचायला मिळाली असती.

जयभीम.