जुनीं छायाचित्रें : शुद्धि कीं विकृति ?

बुरोंडीसारख्या समुद्रकांठच्या गांवीं जुन्या छायाचित्रांस दमट हवेचा मोठा उपसर्ग होतो. पावसाळ्यांत भिंतींना ओल येते, कांचेच्या आंत बुरशी धरते, आणि वाडवडिलांचे चेहरे हळूहळू डागांखालीं जातात. अशीं चित्रें स्कॅन करून संगणकावर स्वच्छ करण्याची सोय आतां झाली आहे, ही समाधानाची गोष्ट होय. परंतु हें काम कोणत्या पद्धतीनें करावें, याचा विचार आधीं झाला पाहिजे.

पद्धति दोन आहेत. पहिलींत मूळ फाइलींतच फेरफार करून ती पुनःपुन्हां जतन करावयाची. जेपेग प्रकारची फाइल अशा प्रत्येक जतनाबरोबर थोडा तपशील गमावते, आणि पुसलेलें परत मिळत नाहीं. दुसरींत मूळ टिफ प्रत जशीच्या तशी बाजूस ठेवून प्रत्येक दुरुस्ती स्वतंत्र थरावर करावयाची. फोटोशॉप किंवा विनामूल्य मिळणारें गिंप, दोहोंतही हें साधतें. क्रम असा असावा : प्रथम तिरपेपणा, मग उजेड-अंधार व फिकटलेला रंग, मग डाग व ओरखडे, आकार लहान करणें आणि रेषांना धार देणें सर्वांत शेवटीं.

संस्कृतज्ञांस ही दुसरी रीत नवी नाहीं. पुण्याच्या भांडारकर संस्थेनें १९१९ ते १९६६ या काळांत महाभारताची चिकित्सक आवृत्ति सिद्ध केली, तेव्हां स्वीकृत पाठ वर आणि पाठभेद खालीं छापले. एकाही पोथींतील अक्षर बदललें नाहीं.

ही मर्यादा सुटली म्हणजे काय होतें, तें आम्हीं एका आप्तगृहीं पाहिलें. पणजीच्या चित्रांतील डाग काढतां काढतां पणतवंडांनीं तिच्या रित्या कपाळावर कुंकूं रेखिलें आणि केशवपन झालेल्या मस्तकावर दाट केस आणिले. हेतु प्रेमाचाच होता. परंतु जवळच्याच मुरुडानें धोंडो केशव कर्व्यांस विधवाविवाहाबद्दल १८९३ सालीं वाळीत टाकलें. त्याच मुलखांत, त्याच रूढीखालीं त्या माउलीनें सबंध आयुष्य काढिलें. तिनें काय सोसलें, याची त्या घरांतील एकमेव साक्ष तें कपाळ होतें. फेरफार मूळ फाइलींतच झाला होता, आणि कागदी चित्र बुरशी लागली म्हणून केव्हांच टाकून दिलें होतें.

डाग छायाचित्राचे असतात, ते अवश्य काढावे. माणसाचे व्रण राहूं द्यावे. यास्तव वाचकांनीं येत्या पावसाळ्यापूर्वीं घरचीं चित्रें उतरवून मूळ प्रती दोन निरनिराळ्या ठिकाणीं जपाव्या, आणि प्रत्येकीसोबत नांव, वर्ष व केलेल्या दुरुस्त्यांची टीप लिहून ठेवावी.